स्टुडिओ की फ्रीलान्स? आधी हे बघा की शॉट कोण तपासणार
ॲनिमेशन शिकून झालं की प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच, आणि मग चर्चा फिरून फिरून पगार आणि सुट्ट्यांवरच येते. मला विचाराल तर सुरुवातीला एकच बघा, तुमचा शॉट रोज कोण तपासणार आहे.

स्टुडिओत डेलीज असतात, म्हणजे रोज सगळ्यांचे चालू शॉट एकत्र बसून तपासणं. तुम्ही ब्लॉकिंगचा (फक्त मुख्य पोझेस लावलेला कच्चा टप्पा) प्लेब्लास्ट, म्हणजे झटपट काढलेला कच्चा व्हिडिओ, लावता, लीड (टीमचा सीनियर) तो फ्रेम बाय फ्रेम पुढे-मागे करून बघतो आणि म्हणतो, अरे हा खुर्चीतून उठतोय पण वजन कुठे दिसतंय, आधी कंबर हलू दे, डोकं आणि हात दोन-तीन फ्रेम मागून येऊ देत. सेकंदाला 24 फ्रेम, त्यातल्या दोन-तीन म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण तेवढ्यानेच तो माणूस खरंच उठल्यासारखा दिसायला लागतो! ही नजर घरी एकट्याने बसून तयार व्हायला खूप वेळ लागतो. वर रिग, म्हणजे पात्र हलवायचा डिजिटल सांगाडा, तयार मिळतो, बिघडला तर रिगर बघतो, लायटिंग आणि रेंडर (शेवटची चित्रं काढणं) दुसऱ्यांचं. हां, डिलिव्हरी जवळ आली की रात्री जागाव्या लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी प्रोजेक्ट संपला की कॉन्ट्रॅक्टही संपतं, हे धरूनच चाला.

फ्रीलान्समध्ये वेळ तुमचा, काम निवडणं तुमच्या हातात, ब्लेंडर हे 3D सॉफ्टवेअर फुकट असल्यामुळे सॉफ्टवेअरचा खर्चही टळू शकतो. पण कोटेशन, फॉलोअप, अडकलेलं पेमेंट, बॅकअप सगळं तुम्हीच, आणि सगळ्यात जास्त जीव खातात ती रिव्हिजन्स. स्प्लाइन करून, म्हणजे पोझेसमधली हालचाल सलग करून, तिचे कर्व्ह (आलेख) साफ करून शॉट पाठवला की क्लायंट म्हणतो छान आहे, फक्त त्याला रागावलेला न दाखवता घाबरलेला दाखवा. त्याला वाटतं चेहरा बदलला की झालं, पण सगळ्या पोझेस, टायमिंग परत पहिल्यापासून. म्हणून ब्लॉकिंगला लेखी अप्रूव्हल घ्या, त्यानंतर ॲक्टिंग बदलली तर वेगळे पैसे हे आधीच लिहून ठेवा आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय फाइल उघडू नका.

त्यामुळे नवीन असाल तर आधी स्टुडिओच, असं मी ठामपणे सांगेन. मोशन ग्राफिक्सवाल्यांचं (हलती अक्षरं, लोगो, आकृत्या करणाऱ्यांचं) थोडं वेगळं, त्यांना पूर्ण काम एकट्याने करता येतं, ते लवकर बाहेर पडू शकतात. आणि एनडीएवर (काम गुप्त ठेवण्याच्या करारावर) सही करण्याआधी शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या निवडक कामाच्या व्हिडिओत, शॉट कधी टाकता येईल हे दोन्हीकडे विचाराच, नाहीतर केलेलं काम असूनही पुढच्या ठिकाणी दाखवायला काही नसतं.