पित्ताशय काढलंय, मग खडा कुठला?

श्रावणातली दुपार. आमच्या ग्रामीण रुग्णालयात मुलाने साठीच्या एका मावशींना रिक्षातून उचलून आणलं. अंगावर दोन गोधड्या, तरी खाट हलावी अशी हुडहुडी. पावसाळ्यात थंडी वाजून ताप म्हणजे मलेरिया, असंच आधी मनात येतं. बाहेरून त्यांना त्याच्याच गोळ्या मिळाल्या होत्या.

"दुखतंय कुठं?" विचारलं तर हात उजव्या बरगडीखाली गेला. त्या हातावर नखांचे लांब ओरखडे होते. "रातभर खाज सुटते." हे ऐकून मी खाट खिडकीपाशी ओढायला लावली. बल्बच्या पिवळ्या उजेडात साधे वाटलेले डोळे तिथं हळदीसारखे दिसले. लघवीचा रंग चहासारखा. संडासचं मुलाला माहीत नव्हतं. मागे उभी असलेली सून हळूच म्हणाली, "चार दिवस पांढुरकी होतेय, मातीसारखी." तिला आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

थंडी-ताप, कावीळ आणि उजवीकडे पोटदुखी. फ्रेंच डॉक्टर शार्कोने १८७७ साली सांगितलेली ही त्रयी. पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, जंतुसंसर्ग झाल्याची ही खूण सगळ्यांत एकत्र दिसतेच असं नाही, वयस्कांत तर दुखणं कधी नसतंही. इथं बीपी ८०/५० होतं आणि मावशी मुलाला भलत्याच नावाने हाका मारत होत्या. म्हणजे विष रक्तात भिनलं होतं.

"पण पित्ताशय तर तीन वर्षांपूर्वीच काढलंय, मग खडा कुठला?" मुलाचा प्रश्न रास्त होता. खडा नळीत राहून गेलेला असतो, किंवा नळीतच नव्याने धरतो. कधी नळी आकसते, कधी गाठ दाबते, क्वचित जंतही शिरतो. वाट तुंबली की साचलेल्या पित्तात ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू माजतात आणि दाब वाढला की रक्तात उतरतात. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, तुंबलेलं बाहेर काढावंच लागतं.

सोनोग्राफीत नळी १४ मिलिमीटर रुंद, एरवी असते सहा-सातच्या आसपास. सलाइन, अँटिबायोटिक सुरू करून १०८ने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. रात्री ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड मोकळं केलं, तसा पू भसकन आला, असं तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. नळी उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे बारीक नळकांडं, टाकला. सकाळी मावशींनी मुलाला बरोबर नावाने हाक मारली.

तीन आठवड्यांनी त्या तपासणीला आल्या, तेव्हा मी आधी सुनेकडेच वळलो.

"रंग?"

"पहिल्यासारखा, डॉक्टर."