एका थडग्यात दोन राण्या : वेस्टमिन्स्टर ॲबी

इंग्लंडमध्ये कोणानंतर कोण गादीवर आलं, हे मला वंशावळीच्या तक्त्यांतून कधीच नीट उमगलं नव्हतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये थडग्यांमधून फिरताना उमगलं. १०६६च्या नाताळात इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा राज्याभिषेक झाला तो इथेच, आणि २०२३मध्ये तिसऱ्या चार्ल्सचाही इथेच.

आतल्या सातव्या हेन्रीच्या चॅपलसाठी, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहासाठी, निवांत वेळ ठेवा. तिथल्या उत्तरेकडच्या दालनात पहिल्या एलिझाबेथचं संगमरवरी थडगं आहे. वर मूर्ती तिची एकटीची, पण खाली तिची सावत्र बहीण मेरीसुद्धा आहे. याच मेरीने राणी असताना एलिझाबेथला १५५४ साली टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत टाकलं होतं. पायथ्याच्या लॅटिन ओळी सांगतात, की सिंहासनाच्या आणि थडग्याच्या सोबती असलेल्या या दोघी बहिणी पुनरुत्थानाच्या आशेने इथे निजल्या आहेत. मी तिथे बराच वेळ उभी होते.

मग लगेच दक्षिणेकडच्या दालनात जा. तिथे दुसरीच एक मेरी आहे, एलिझाबेथच्या नात्यातली, स्कॉटलंडची राणी. १५८७मध्ये एलिझाबेथच्या सहीच्या हुकुमाने तिचा शिरच्छेद झाला. एलिझाबेथला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे १६०३मध्ये गादी मिळाली ती या मेरीच्याच मुलाला, जेम्सला. त्याने दोघींची थडगी बांधली, आईचं अधिक भव्य, आणि १६१२मध्ये पीटरबरोहून तिचा देह इथे आणवला. सगळी भाऊबंदकी एका छपराखाली!

बाहेर पडण्याआधी राज्याभिषेकाची लाकडी खुर्ची जवळून बघा. शाळेतल्या पोरांनी तिच्यावर नावं कोरली आहेत. एकाने तर १८०० साली आपण या खुर्चीत झोपल्याचं कोरून ठेवलंय.

तिकीट ऑनलाइन आधीच काढा आणि सकाळीच पोचा. आम्ही दुपारी गेलो आणि शेवटी फार धावपळ झाली. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, फक्त प्रार्थना असते. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट लागत नाही, पण तेव्हा थडगी बघत हिंडता येत नाही. मेट्रोचं स्टेशन वेस्टमिन्स्टर.

एलिझाबेथ आणि तिच्या सावत्र बहिणीचा बाप, आठवा हेन्री, मात्र इथे नाही. त्याच्यासाठी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून थेट गाडीने विंडसरच्या किल्ल्याला जा. मंगळवार-बुधवारी किल्ला बंद असतो, आणि रविवारी तिथलं सेंट जॉर्ज चॅपल पर्यटकांना बंद, हे बघूनच बेत आखा. त्याच चॅपलमध्ये दुसरी एलिझाबेथही आहे. हेन्रीवर फक्त जमिनीत बसवलेली एक काळी फरशी आहे. तिच्याखाली त्याच्याशेजारी राणी जेन सीमोर आणि १६४९मध्ये शिरच्छेद झालेला राजा पहिला चार्ल्स, त्याच जेम्सचा मुलगा.