एका स्टिकरपायी अडकलेलं बिल

आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. औषधोपचार ईसीएचएसवर, म्हणजे माजी सैनिकांसाठी 2003 साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेवर. रात्री छातीत कळ आली तेव्हा जवळचं जे हॉस्पिटल उघडं होतं तिथे त्यांना नेलं. ते योजनेच्या यादीत नव्हतं. अशा वेळी 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, कळवावं लागतं. ते सकाळीच केलं. अँजिओप्लास्टी झाली, पैसे आम्ही भरले आणि परताव्यासाठी कागद गोळा करायला लागलो.

तातडीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांच्या सहीची मूळ बिलं, कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक. पॉलिक्लिनिकमधल्या बाईंनी एकेक कागद तपासून घेतला. शिवाय स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीच्या नळीच्या, वेष्टनावरचं स्टिकर. प्रत्येक स्टेंटला स्वतःचा नंबर असतो, तो बिलाशी जुळावा लागतो.

प्रकरण वर गेलं आणि आक्षेप लागून परत आलं. आक्षेप एका ओळीचा, इंग्रजीत. अर्थ असा, की बिलात दोन स्टेंट लावलेत आणि स्टिकर एकच आहे. मला आधी वाटलं, स्टिकर गहाळ झालं असेल. आण्णांनी डिस्चार्ज कार्ड काढून पुढे ठेवलं. त्यातही एकच स्टेंट होता. ते म्हणाले, "स्टोअरमध्ये एक कांबळं कमी भरलं तरी चौकशी बसायची. हे तर माझ्या काळजातलं सामान आहे."

ते कागद घेऊन हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात गेलो. बरीच टोलवाटोलवी झाली, पण शेवटी सुधारित बिल आणि जादा घेतलेली रक्कम मिळाली. सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपयांवर आणली. त्याआधी असं झालं असतं तर केवढा भुर्दंड बसला असता!

परतावा सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने मिळाला. पदरचे काही गेले, ते नियमात होतं. उशिराचा त्रास झालाच. पेन्शनवरच्या घराला एवढी रक्कम अडकून पडणं झेपत नाही. तरीही ती छाननी झाली नसती तर न बसवलेल्या स्टेंटचे पैसे आमच्या आणि योजनेच्या खिशातून गेले असते. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 च्या अहवालात याच योजनेच्या बिलांवर आणि पॉलिक्लिनिकमधल्या औषधटंचाईवर बोट ठेवलं होतं. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. खोट्या बिलात गेलेला रुपया मधुमेहाच्या गोळ्यांना कमी पडतो.

रुग्णाने पैसे न भरता होणाऱ्या कॅशलेस उपचारांत बिल थेट हॉस्पिटलकडून योजनेकडे ऑनलाइन जातं. गावातल्या माजी सैनिकांना मी विचारलं, तर बहुतेकांना सही केल्याचं आठवतं, बिल वाचल्याचं नाही. म्हणून आण्णांनी योजनेच्या प्रादेशिक केंद्राला लेखी अर्ज दिला आहे : प्रत्येक बिलाची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी आणि आक्षेप मराठीतही लिहून द्यावा.