मोनिकेची टोपली

आज २७ ऑगस्ट, संत मोनिकेचा सण. उद्या २८ला लेकाचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला मोठा विचारवंत संत ऑगस्टीन याचा. १९६९पर्यंत मोनिकेचा सण ४ मेला असायचा, मग कॅथलिक चर्चची दिनदर्शिका बदलली आणि आई लेकाच्या आदल्या दिवशी आली. ते बरंच झालं.

आज चर्चमधल्या उपदेशात पुन्हा लेक ख्रिस्ती व्हावा म्हणून ‘अश्रू ढाळणारी आई’च होती. पण ही बाई नुसती रडत बसणारी नव्हती. जन्म थागास्तेचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं सूक अहरास. नवरा पात्रिसियस तापट आणि ख्रिस्ती नसलेला. तो रागात असताना ती तोंड उघडत नसे. राग ओसरला की आपली बाजू शांतपणे मांडायची. मरणाआधी त्याने बाप्तिस्मा घेतला.

मुलगा मात्र हुशार. तिला किनाऱ्याजवळच्या प्रार्थनास्थळात ठेवून तो रात्रीच उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजहून जहाजाने रोमला पसार झाला. ती मागोमाग थेट मिलानला पोचली. गावच्या रीतीप्रमाणे लापशी, भाकरी आणि पाणी घातलेला द्राक्षारस टोपलीत घेऊन हुतात्म्यांच्या समाधीवर गेली, तर दारवानाने अडवलं: बिशप अँब्रोजची बंदी. नैवेद्याच्या नावाखाली दारू पिणं वाढलं होतं. तिने हुज्जत न घालता रीत सोडली.

इ.स. ३८७च्या ईस्टरला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतीच्या वाटेवर, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, तापाच्या नवव्या दिवशी ती गेली. वय ५६. नवऱ्याशेजारी पुरावं हा जुना हट्टही तिने सोडला होता: कुठेही पुरा, वेदीपाशी आठवण ठेवा.

जुन्या गोव्यातला सांता मोनिका मठ हिच्याच नावाचा. बांधकाम १६०६ ते १६२७.