डाव्या बाजूने झिजलेल्या चड्ड्या

"तुमची मुलगी उशिरा चालायला लागली ना? मग तुम्ही नक्की काय केलंत?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. बहुतेकदा रात्री उशिरा येतो, आणि विचारणाऱ्याचं मूल चौदा-पंधरा महिन्यांचं असतं. त्याला एखादा व्यायाम हवा असतो, एखादं खेळणं हवं असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जे झालं ते सांगतो.

आमची लेक आधाराशिवाय चालली ती 18 महिने 3 आठवड्यांची असताना. त्याआधी ती रांगलीच नाही. बसायची, डावा पाय दुमडून अंगाखाली घ्यायची आणि उजव्या हातापायाने जमीन रेटत, बूड घासत सटासट पुढे जायची. दारापर्यंत पोचायला तिला माझ्याइतकाच वेळ लागायचा. तिच्या सगळ्या चड्ड्या डाव्या बाजूने झिजलेल्या असायच्या. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटायची.

तेरावा महिना लागला आणि लोक बोलायला लागले. "कडेवर घेऊन घेऊन सवय लावलीत." हे वाक्य माझ्यासमोर म्हटलं तरी ते असायचं बायकोसाठी. तिला ते लागलं. मला मात्र उशिरा कळलं की ती मुलीला कडेवर घ्यायचीच टाळते आहे. त्या दीड वर्षातलं मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. मूल कडेवर घेतल्याने पाय अडत नाहीत, एवढं तिला कुणीतरी, म्हणजे मीच, ठणकावून सांगायला हवं होतं.

मी काय केलं? वॉकर आणला. गोल, चाकांचा, मधे बसायला झोळी असलेला. मुलगी त्यात लोंबकळत चवड्यांनी जमीन ढकलायची आणि घरभर धडका देत हिंडायची. आम्हाला वाटलं, चालायला शिकते आहे. प्रत्यक्षात अंगाचा भार झोळीवर, तोल सांभाळायची गरजच नाही, आणि पुढच्या पाटामुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. शिवाय वॉकरसकट मुलं जिन्यावरून गडगडतात ती गोष्ट वेगळीच. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, हे मला विकत घेऊन झाल्यावर कळलं. उभं राहून मागून ढकलायचा पांगुळगाडा निराळा. त्यात मूल स्वतःच्याच पायांवर असतं. तरी तोही कुणीतरी जवळ असतानाच. चुंचुं वाजणारे बूटही आणले होते. ते दोन दिवसांत माळ्यावर गेले. अनवाणी असली की ती पायाच्या बोटांनी फरशी कशी चाचपते, हे एकदा बघितल्यावर बूट घालायची इच्छाच उरली नाही.

सोळाव्या महिन्यात डॉक्टरबाईंकडे गेलो. मी वयाचा हिशोब मांडायला लागलो, तर त्यांनी विचारलं, "चालत नाही ते समजलं. जाते कशी ते दाखवा." मुलीने दाखवलं. बाईंनी तिला काखेत धरून उचललं आणि जमिनीजवळ आणलं. पाय टेकवायचे सोडून तिने ते समोर पसरले, हवेत खुर्चीवर बसल्यासारखे. बाई हसल्या. बूड घासत सरकणारी पुष्कळ मुलं असंच करतात म्हणाल्या, आणि ती चालतातही उशिरा.

मग चड्डीकडे बघून त्या गंभीर झाल्या. सारखी एकाच बाजूने रेटते का? तिच्या उजव्या हातात त्यांनी एक ठोकळा दिला, मग दुसरा पुढे केला. तो तिने डाव्या हाताने घेतला. तोच खेळ उलटा केला. दोन्ही पाय वाकवून, फाकवून खुबे तपासले, पायांची लांबी बघितली, स्नायू ताठ आहेत की ढिले ते बघितलं. जन्म कितव्या आठवड्यातला, हेही विचारलं, कारण दिवस भरायच्या आत जन्मलेल्या मुलाचं वय जन्माच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. शेवटचा प्रश्न होता, घरात आणखी कुणी असं सरकायचं का? मी तिथूनच आईला फोन लावला. "अरे, तूच की!" आई म्हणाली. तीन महिने तीही आमच्याबरोबर काळजी करत होती, आणि हे तिला कुणी विचारेपर्यंत आठवलं नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भारतही होता. दोन्ही टोकांची अगदी थोडी मुलं सोडली, तर बाकीची आधाराशिवाय चालू लागली ती 8.2 ते 17.6 महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे शेजारचं मूल नवव्या महिन्यात चाललं आणि तुमचं सतराव्यात, तर दोघंही ठीक. सुमारे 4 टक्के मुलं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती.

आमची त्या 17.6 च्याही पलीकडे गेली, म्हणून "होईल हो आपोआप" हे मी तुम्हाला सांगणार नाही. 18 महिने झाले आणि मूल चालत नसेल तर दाखवायचं, बाकी सगळं छान असलं तरी. आम्ही पुन्हा गेलो, रक्त तपासलं, थायरॉईड आणि ड जीवनसत्त्व ठीक निघालं. मुलगा असेल तर स्नायूंच्या आजाराची शंका फिटावी म्हणून क्रिएटिन कायनेज ही तपासणीही बरेचदा सांगतात. आणि काही गोष्टींसाठी 18 महिन्यांचीही वाट बघू नका: येत असलेलं यायचं बंद झालं, एकच हात किंवा एकच पाय वापरतं, लंगडतं, अंग फार ताठ किंवा फार ढिलं लागतं.

चालली ती अशी: त्याआधी आठवडाभर खोलीच्या मधोमध, काही न धरता उभी राहायची, वैतागल्यासारखी इकडेतिकडे बघायची आणि बदकन बसायची. एका संध्याकाळी बसलीच नाही. चार पावलं टाकली, थांबली, वळायचं कसं ते कळेना म्हणून रडली.

आता ती चार वर्षांची आहे. चेंडू पलंगाखाली गेला की अजूनही खाली बसते, डावा पाय दुमडते आणि सरकत आत जाते. परवाच एक चड्डी शिवायला टाकली.