आमची वाटचाल : रंग एका फुलाचा, आकार दुसऱ्याचा

फुलांच्या नक्षीचा स्कार्फ करायचा तर दोन सरळ रस्ते आहेत. चित्र काढून स्क्रीनने छापा, नाहीतर डिजिटल छपाई करून आणा. आम्ही तिसरा धरला. फूलच कापडावर ठेवायचं आणि त्याचा ठसा घ्यायचा. वाटतं तितकं हे सोपं नाही, कारण पक्का रंग देणाऱ्या फुलाचा आकार बहुधा विस्कटतो आणि देखण्या आकाराच्या फुलाचा रंग उडतो. पुढे जे लिहिलंय ते या एका अडचणीभोवतीच फिरतं.

आधी कापड. आमचा नेहमीचा स्कार्फ २२ बाय ७२ इंचांचा, ८ मॉमी हाबूताई रेशमाचा (हाबूताई म्हणजे साध्या विणीचं जपानी रेशीम). मॉमी हे रेशमाच्या वजनाचं जपानी माप, १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३ ग्रॅम. त्या हिशेबाने एक स्कार्फ ३५ ग्रॅम भरतो आणि तुरटीपासून हिराकसापर्यंत (हे लोखंडाचं मीठ) सगळी मापं या ३५ वर बसतात. भंडारा-गडचिरोलीकडचं टसरही वापरतो. पण त्याचा मूळचा मधाळ रंग पिवळा ठसा गिळून टाकतो, म्हणून टसर फक्त काळपट आणि शेवाळी कामाला.

ठाण कोरं दिसलं तरी स्वच्छ नसतं. कच्च्या रेशमाच्या वजनात २० ते ३० टक्के सेरिसिन नावाचा डिंक असतो. बाजारात येणाऱ्या हाबूताईतून तो काढलेला असला तरी थोडा राहतो, वर कडकपणासाठी लावलेली खळ असते. रिठ्याच्या पाण्यात ६० अंशांवर अर्धा तास, मग तीन पाणी. सुती कापडासारखं धुण्याच्या सोड्यात उकळलं तर रेशमाची चमक जाते, ती परत येत नाही. धुणं अपुरं झालंय हे ओळखायची खूण सोपी आहे. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. तो पसरायच्या ऐवजी मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा.

रंग धरून ठेवायला तुरटी, कापडाच्या वजनाच्या १५ टक्के. म्हणजे एका स्कार्फला ५ ग्रॅम. कढत पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून, थंड लिटरभर पाण्यात मिसळायची आणि स्कार्फ रात्रभर त्यात बुडवून ठेवायचा. गाळायचा कंटाळा केला की न विरघळलेला खडा जिथे टेकतो तिथे रंग जास्त चढतो, आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या जमिनीवर गडद चांदण्या दिसतात. पाणी नळाचं घ्यावं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार बरेच, लोखंड असेल तर झेंडूचा स्वच्छ पिवळा मळका होतो. तोच झेंडू, तीच तुरटी, फक्त बादली वेगळी, एवढ्यावर दोन नमुने ओळखू येणार नाहीत इतके वेगळे पडतात.

पहिली पद्धत हातोडीची. जपानीत तिला तताकी-झोमे म्हणतात. तुरटी दिलेल्या, जेमतेम दमट कापडावर फूल उपडं ठेवायचं, वर कागदी टेप आणि खाली लाकडी पाट. ठोकायचं ते कडेकडून मधे यायचं. मधून सुरुवात केली की पाकळीतलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि कड फुटते. पातळ, कमी पाण्याची फुलं इथे चालतात, म्हणजे पिवळा कॉसमॉस, गोकर्ण, जास्वंदीची सुटी पाकळी. गुलाब आणि तेरड्याचं फूल म्हणजे पाण्याचे फुगे, पहिल्या घावात सगळं कापडभर.

ठसे इतके नाजूक येतात की पहिल्या दिवशी माणूस हरखतो. मग उन्हाळा लागतो. गोकर्ण, जास्वंद आणि तेरड्याची पाकळी यांचा रंग अँथोसायनिन या लाल-निळ्या रंगद्रव्याचा. तो तुरटीला अर्धवटच धरतो, उजेडाला विटतो आणि साबणाला पलटतो. जास्वंदीचा जांभळा ठसा सोड्याच्या साबणात घातला की डोळ्यांदेखत हिरवट-राखाडी होतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतोच. गंमत अशी की ती म्हण पाकळीपुरतीच खरी. तेरड्याच्या पानात मेंदीतलाच लॉसोन असतो आणि पानाचा तांबूस-तपकिरी ठसा रेशमावर चांगला टिकतो. हातोडीच्या पद्धतीतून आमच्याकडे आज उरलं ते कॉसमॉसचं नारिंगी फूल आणि तेरड्याचं पान.

दुसरी पद्धत गुंडाळीची. ऑस्ट्रेलियातल्या इंडिया फ्लिंट यांच्यामुळे ती ‘इको प्रिंट’ म्हणून जगभर पसरली. कापडावर पाकळ्या पसरायच्या, पाइपवर घट्ट गुंडाळायचं, सुतळीने आवळायचं आणि वाफवायचं. इथे झेंडू राजा. त्याच्या पाकळीतलं क्वेर्सेटाजेटिन हे पिवळं रंगद्रव्य तुरटीशी घट्ट बांधलं जातं, म्हणून तो पिवळा धुण्याला दाद देत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू विकत घेण्यात अर्थ नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मार्केट यार्डात न विकलेल्या मालाचे ढीग असतात, तो घ्यावा. देवळांचं निर्माल्यही चालतं, पण निवडायला माणूस लागतो. दोरा, सुई आणि तुपाचे बोट लागलेली फुलं बाजूला. गुलालाचा कण लागलेली तर आधी बाजूला, कारण बाजारी गुलालातला गुलाबी ठिपका वाफेत रेशमात शिरला की काही केल्या निघत नाही. हिरवा देठ काढून फक्त पाकळ्या घ्यायच्या. देठासकट टाकलेल्या फुलाने पिवळ्यात करडी झाक येते.

एका स्कार्फला ६० ग्रॅम ताज्या पाकळ्या पुरतात. खरा खेळ ओलाव्याचा. पिळलेला स्कार्फ तराजूवर ६५ ग्रॅमच्या आसपास हवा. ८० च्या वर गेला तर रंग वाहतो आणि पाकळीऐवजी ढग उमटतो; ५० च्या खाली ठसा तुटक येतो. हाताने ‘दमट वाटतंय’ म्हणणं आम्ही सोडून दिलं, सरळ वजन करतो.

पाइप अडीच सेंटीमीटर व्यासाचा स्टीलचा. त्याचा घेर जवळपास ८ सेंटीमीटर, म्हणून पाकळीचा रंग वरच्या थरात झिरपला की दर ८ सेंटीमीटरला त्याच फुलाची फिकट सावली पडते. गुंडाळी जाड होते तसं हे अंतर वाढत जातं. नको असेल तर कापडासोबत प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. आम्ही ती काही डिझाइनांत मुद्दाम घालत नाही, कारण दूर जाणाऱ्या फुलांची रांग अशी चित्र काढून जमत नाही. स्कार्फ लांबीत दुमडून गुंडाळला तर दोन्ही अर्ध्यांत आरशासारखी जोडी मिळते आणि गळ्यात घेतल्यावर दोन्ही टोकं एकसारखी दिसतात.

वाफ दीड तास. नमुन्याला घरचं मोदकपात्र पुरतं. झाकणाला फडकं बांधायचं, उकडीचे मोदक करताना बांधतो तसंच आणि त्याच कारणासाठी. झाकणावरून गळणारा थेंब जिथे पडेल तिथे पांढुरका गोल उठतो. पाऊण तासाने गुंडाळी उलटायची. नंतर रात्रभर तशीच गार होऊ द्यायची, उघडायची घाई नको. पाकळ्या झटकून सावलीत वाळवायचं, आठवडाभर ठेवून मगच सौम्य साबणाने धुवायचं.

यातून रंग पक्का मिळाला, पण फुलाचा आकार नाही. झेंडूच्या सुट्या पाकळ्यांचे शिंतोडे सुंदर दिसतात. पाच पाकळ्यांचं एक फूल मात्र उमटत नाही. अख्खा झेंडू ठेवला तर गोल डाग पडतो. बघणारे म्हणतात, हळद सांडली का? बाकी सागाचं कोवळं पान या पद्धतीत मस्त जांभळट-तांबडं उठतं, पण ते पान झालं, फूल नव्हे.

मधे सायनोटाइप करून पाहिला. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही निळ्या छायाचित्राची पद्धत. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड, दोन्ही समान मिसळून अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायचं, वाळवायचं, वर फूल आणि काच ठेवून दुपारच्या उन्हात १० ते २० मिनिटं, मग पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुणं. फेरीसायनाइडची आम्लाशी आणि जास्त उष्णतेशी गाठ पडू द्यायची नाही, विषारी वायू निघू शकतो. आकार अगदी नेमका मिळतो. पण ताजं फूल काचेखालीही उचललेलं राहतं आणि कड पुसट होते, म्हणून दोन दिवस वहीत दाबलेलंच घ्यावं. सुती मलमलीवर आम्ही अजून हे करतो. अडचण धुण्याची आहे. सोड्याच्या पावडरीत हा निळा पिवळटतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी कुठली पावडर आहे ते आपल्या हातात नसतं. पावसाळ्यात तर चार महिने काम बंद.

सायनोटाइपने एक गोष्ट मात्र दाखवली. आकारासाठी फुलाने रंग द्यायची गरजच नाही, त्याने फक्त आड यायचं. तिथून आजची पद्धत निघाली.

स्कार्फ आधी झेंडूच्या पाण्यात सपाट पिवळा रंगवायचा. तुरटी दिलेल्या ३५ ग्रॅम कापडाला १०० ग्रॅम ताज्या किंवा १५ ग्रॅम सुकवलेल्या पाकळ्या, त्या तासभर मंद उकळून गाळलेलं पाणी. स्कार्फ ६० अंशांच्या आत पाऊण तास, सतत हलवत, नाहीतर घड्यांचे पट्टे पडतात. तो पूर्ण वाळवायचा. मग पाण्याचा हलका फवारा मारून प्लास्टिकवर पसरायचा आणि वर दाबलेली सदाफुली मांडायची. सदाफुलीची निवड तिच्या रंगासाठी नाही. बारा महिने मिळते, पाच पाकळ्या वेगळ्या दिसणाऱ्या आणि सपाट, मधे जाड गोळा नाही. मागची नळी बुडाशी कापायची, नाहीतर फूल तिरकं बसतं. चाफा मोहात पाडतो, पण त्याचा चीक डाग धरतो.

आता लोखंडाचं फडकं. १० ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात, म्हणजे १ टक्का. हे पाणी ताजंच हवं. दोन-चार दिवसांत तळाला तपकिरी गाळ बसतो आणि जोर जातो. स्कार्फएवढं जुनं सुती फडकं त्यात बुडवून जोरात पिळायचं. रेशमाला जास्तीत जास्त २ टक्के हिराकस सोसतं, ३५ ग्रॅमला ०.७ ग्रॅम, म्हणजे या पाण्याचे ७० मिली. म्हणून कोरडं फडकं आणि पिळलेलं फडकं यांच्या वजनातला फरक ७० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही. जास्त लोखंडाने रेशीम लगेच फाटत नाही, वर्ष-दोन वर्षांनी घडीवर चिरतं, म्हणून ही चूक वेळेत कळतच नाही.

फडकं वर पसरायचं, प्लास्टिक, फळी आणि फळीवर समान वजन. १५ मिनिटं. वाफ नको, पाइप नको; थंड लोखंडही झेंडूच्या पिवळ्याला शेवाळी हिरवा करतं. सदाफुलीखालचा भाग तेवढा पिवळा राहतो. रंग झेंडूचा, आकार सदाफुलीचा. वेळ वाढवली की लोखंड पाकळीखाली शिरतं आणि फूल आतून काळवंडतं. ओलं फडकं जास्त ओलं असेल तर तेच पाचव्या मिनिटाला होतं. उचलताना फडकं ओढायचं नाही, एका टोकाकडून गुंडाळत काढायचं, नाहीतर सुटलेलं फूल सरकून जाताना लोखंडाची रेघ मारतं. लगेच वाहत्या पाण्यात खळबळून धुवायचं. ज्या बादलीत हिराकस एकदा पडलं ती पिवळ्या कामाला पुन्हा वापरायची नाही. आमच्याकडे लोखंडाच्या बादल्यांना आणि कात्रीला लाल टेप आहे.

मांडणी हाही हाताचाच भाग. फुलं सारख्या अंतरावर मांडली की कापड शाळेच्या रांगोळीसारखं दिसतं. आम्ही एका टोकाला दाट, मधे विरळ, आणि मानेच्या मागे येणाऱ्या हातभर पट्ट्यात जवळजवळ काहीच नाही, कारण तो भाग केसांखाली जातो आणि घामही तिथेच लागतो.

किनारीची तुरपाई शेवटी, रेशमी धाग्याने. आधी केली तर शिवणीच्या जाड कडेत हिराकस साठतं, आणि पॉलिएस्टरचा धागा रंग घेत नसल्याने पांढरी रेघ उठून दिसते. इस्त्री दमट असताना, उलट्या बाजूने.

प्रत्येक नव्या नमुन्याचा १० सेंटीमीटरचा तुकडा अर्धा काळ्या कागदाने झाकून दक्षिणेच्या खिडकीत दोन आठवडे राहतो. त्यात उतरला तरच घाटकोपरच्या बीटीआरएसारख्या कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत उजेड, धुणं, घासणं आणि घाम अशा चाचण्यांना पाठवायचा. स्कार्फला घामाची चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, तीच बरेच जण वगळतात. लिंबू आणि व्हिनेगर झेंडूच्या शेवाळीवर फिकट डाग पाडतात, अत्तरही थेट फवारू नये. एवढं चिठ्ठीवर छापतो.

रानफुलांची मागणी नेहमी होते, विशेषतः कासच्या फुलांची. पठारावरचं एकही फूल आम्ही तोडत नाही. तिथला आकार हवा असेल तर जाड कागदावर कापून तो साचा फडक्याखाली ठेवतो, लोखंडाला फूल आणि कागद यातला फरक कळत नाही. सध्या वहीत अडलेलं पान प्राजक्ताचं आहे. देठांचा केशरी रेशमावर पहिल्या दिवशी अप्रतिम येतो आणि खिडकीत आठव्या दिवशी अर्धा उरतो. आधी कापडाच्या वजनाच्या १० टक्के हिरडा घातलेल्या पाण्यात बुडवलेला तुकडा आता खिडकीत लावलाय.