स्कॅनर दिसतो पण चालत नाही, शेवटी कुठे अडलं होतं ते

आजोबांची पत्रं स्कॅन करायचीत. कागद घडीवर फाटायला लागलेत, त्यामुळे आता थांबून चालणार नव्हतं. मित्राचा जुना यूएसबी फ्लॅटबेड आणला, लिनक्सच्या मशीनला लावला, सिंपल स्कॅन हे स्कॅनिंगचं अ‍ॅप उघडलं तर स्कॅनरच सापडेना.

आधी एलएसयूएसबी (यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी कमांड) चालवलं. त्यात स्कॅनर व्यवस्थित दिसत होता, चार-चार अक्षरी दोन आयडी, पहिला कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. म्हणजे केबल ठीक, कर्नललाही (लिनक्सच्या गाभ्याला) दिसतोय. सेन म्हणजे लिनक्सवर स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या सेन-फाइंड-स्कॅनर कमांडलाही सापडला. पण सेनच्याच स्कॅनइमेज कमांडला मोठा एल (-L, म्हणजे यादी दाखव) देऊन विचारलं तर यादी रिकामी! इथे खूप जण गोंधळतात आणि सगळं काढून परत इन्स्टॉल करत बसतात, तसं करू नका प्लीज. सेन-फाइंड-स्कॅनर फक्त यूएसबीवर स्कॅनरसारखं काही आहे का तेवढं बघतं, ड्रायव्हर असो वा नसो, आणि स्कॅनइमेज मात्र सेनच्या बॅकएंडना (वेगवेगळ्या स्कॅनरच्या ड्रायव्हरना) विचारतं की बाबांनो हा तुमच्यापैकी कोणाचा आहे का. एकाला दिसला आणि दुसऱ्याला नाही म्हणजे अडचण बॅकएंडची नाहीतर परवानगीची.

माझ्या बाबतीत दोन्ही निघालं. सेनच्या सपोर्टेड यादीत याच चिपचं भावंड मॉडेल होतं, फक्त माझा आयडी नव्हता. म्हणून ईटीसीमधल्या सेन डॉट डी फोल्डरमध्ये त्या भावंडाच्या बॅकएंडच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलीत एक ओळ वाढवली: यूएसबी, आणि पुढे दोन्ही आयडी, प्रत्येकाच्या आधी शून्य-एक्स लावून. (चिप तीच आहे याची खात्री असेल तरच हे करा, नाहीतर मोटर टोकाला जाऊन कडकड आवाज करायला लागते, तसं झालं तर लगेच प्लग काढा.) आता सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून स्कॅनइमेज चालवलं की स्कॅनर यायचा, सुडोशिवाय गायब. म्हणजे परवानगीच.

खरा वेळ इथे गेला. स्कॅनरची डिव्हाइस फाइल एलएस-एल कमांडने बघितली तर परवानगीच्या अक्षरांच्या शेवटी + हे चिन्ह नव्हतं, म्हणजे लॉगिन केलेल्या यूजरला वेगळी परवानगी मिळालेलीच नव्हती. ती यूडेव्हच्या (उपकरण जोडल्यावर त्याची फाइल आणि परवानगी ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमातून मिळते आणि तो नियम सेनच्या ठराविक आयडींपुरता असतो, हाताने टाकलेला आयडी त्याला कुठून माहीत असणार. मग मी नियम लिहिला, लिबसेन मॅच्ड बरोबर यस (म्हणजे हा सेनचा स्कॅनर आहे अशी खूण), आणि फाइलच्या नावाआधी ९९ टाकलं कारण सगळे तसंच सांगतात. काहीच फरक नाही! मग कळलं की नियम फाइलींच्या नंबरप्रमाणे वाचले जातात आणि हे लिबसेन मॅच्ड तपासणारा नियम ७० नंबरच्या फाइलीत आहे, माझा ९९ वाला येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. नाव बदलून ६० केलं, यूडेव्ह रीलोड केलं, केबल काढून परत लावली, आणि ते + आलं. सुडोशिवाय स्कॅनर दिसला तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू.

एक अजून, मोठं पान ६०० डीपीआयला अर्ध्यात अडकत होतं, हब काढून केबल थेट मशीनला लावली तेव्हा ते अडकणं थांबलं.

सहा पत्रं झालीत. दुसऱ्या पत्राच्या समासात पेन्सिलने काहीतरी हिशोब लिहिलाय, पुसट झाल्यामुळे कागदावर कधी दिसलाच नव्हता, कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर आकडे वाचता आले. बाकीची रविवारी.